हवा दादाची, वीज माझी

दादाचा फोन आला तेव्हा मी पनवेलच्या फ्लॅटमध्ये गॅससमोर उभी राहून दूध तापायची वाट बघत होते. कशी आहेस, जेवलीस का, यातलं काही नाही. "बाय, तुला बॅटरीतलं कळतं ना?" एवढंच त्याने विचारलं.

"मला ट्रान्सफॉर्मरमधलं कळतं," मी म्हटलं. "बॅटरीतलं वाचलं तर कळेल."

"मग वाच. मी विमान बनवतोय."

दूध उतू गेलं. ओटा पुसत मी त्याचं पुढचं बोलणं ऐकत राहिले आणि मला वाटलं, एकटा राहून याचं डोकं फिरलं.

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. विमानदुरुस्तीचं काम शिकून तो ऐन तरुणपणी आखातात गेला आणि तिथल्या एका विमान कंपनीच्या हँगरमध्ये त्याने सगळी नोकरी काढली. लग्न केलं नाही. का केलं नाही, ते आम्ही विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. दर दोन वर्षांनी पंधरा दिवस यायचा, सगळ्यांना साबण नि अत्तरं वाटायचा, जायचा. मी डिप्लोमा करून वीज कंपनीत लागले आणि निम्मी नोकरी ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये केली. संसार झाला, यजमान वारले, मी निवृत्त झाले. एवढ्या वर्षांत आम्हा भावंडांना एकमेकांचं काय माहीत होतं, तर पत्ता आणि तब्येत. राखी मी पोस्टाने पाठवायचे. ती त्याला दिवाळीच्या सुमारास मिळायची.

निवृत्त होऊन तो गावी परतला. आमचं गाव बोर्ली पंचतनपासून पाच-सहा किलोमीटरवर, खाडीकाठी. त्याने दोन खोल्यांचं स्लॅबचं घर बांधलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हा आंब्याची कलमं लावील. त्याऐवजी त्याने घरासमोरच्याच एका पत्र्याच्या शेडमधली अर्धी जागा मागून घेतली. ती शेड त्याच्या शाळेतल्या दोस्ताची. हा दोस्त फायबरच्या होड्या बनवायचा. बारा वर्षं कुवेतला राहून तिथेच ते काम शिकून आला होता. मी त्यांना भाई म्हणते, ते मला ताई म्हणतात.

फोननंतर आठवड्याने मी माणगाव-म्हसळा करत एसटीने गावी गेले. दादाने एका उपड्या होडीवर मोठा कागद पसरला होता. त्यावरचं चित्र बघून मला वाटलं, त्याने विमान उलटं काढलंय. छोटा पंख पुढे नाकाजवळ, मोठा पंख मागे, आणि पंखा तर अगदी शेपटाला.

"हे मागे मागे जाणार का?" मी विचारलं.

"पुढेच जाणार. याला कनार्ड म्हणतात. फ्रेंचमध्ये बदक."

"बदकासारखं दिसतं म्हणून?"

"उडणारं बदक बघ कधी. मान लांब, पंख पार मागे."

मग त्याने मला शाळेतल्या मुलीला समजवावं तसं समजावलं. विमानाचा वेग फार कमी झाला की पंख उचलायचं सोडतो आणि विमान पडतं. बदकात पुढचा छोटा पंख आधी दमतो. तो दमला की नाक आपोआप खाली येतं, वेग वाढतो, पंख पुन्हा उचलू लागतात. मात्र त्यासाठी वजन ठरलेल्या जागी हवं. ते मागे सरकलं तर मागचा मोठा पंख आधी दमतो. मग विमान नाक वर करून शेपटावर बसल्यासारखं खाली येतं आणि कितीही चांगला पायलट असला तरी त्यातून सुटत नाही.

"म्हणजे सगळा खेळ वजनाचा," मी म्हटलं.

"म्हणून तर तुला बोलावलं. बॅटऱ्या जड असतात."

मागचा पंखा विजेच्या मोटारीवर फिरणार होता. वर चढताना लागणारी ताकद बॅटरीतून. उंची गाठली की एक छोटं पेट्रोल इंजिन जनरेटर फिरवणार, त्यावर मोटार चालणार आणि उरलेली वीज परत बॅटरीत जाणार. नुसत्या बॅटरीवर अर्ध्या तासात खाली यावं लागलं असतं. नुसतं पेट्रोल म्हटलं तर मोठं इंजिन आलं. "आणि त्याचा आवाज," दादा म्हणाला. "जन्मभर इंजिनांचे आवाज ऐकले, बाय. आता पुरे."

"कुठे जायचंय तुला यातून?"

"किनाऱ्याकिनाऱ्याने रत्नागिरीपर्यंत. आणि परत."

"कोणाकडे?"

"कोणाकडे नाही."

पायलटचं खासगी लायसन्स त्याने तिकडेच सुट्टीच्या दिवशी शिकून काढलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या भावाला विमान चालवता येतं, हे मला साठीला आल्यावर कळावं याचं मला वाईट वाटलं, थोडा रागही आला. तो म्हणाला, "सांगायचं राहून गेलं." मग कागदाची घडी घालता घालता त्याने कामाची वाटणी करून टाकली. "हवा मी बघतो, वीज तू बघ."

त्यानंतर तीन वर्षं मी महिन्यातले पंधरा दिवस गावी असायचे. पहिलं वर्ष आकडेमोडीतच गेलं. त्याच्या वह्या आणि माझ्या वह्या शेजारी ठेवून आम्ही वजनांचा तक्ता बनवला: मोटार, जनरेटर, बॅटरीच्या पेट्या, पेट्रोलची टाकी, चाकं, खुर्ची, पायलट. प्रत्येकापुढे किलो आणि नाकापासूनचं अंतर. मी एखादी पेटी चार इंच मागे नेली की त्याचा चेहरा पडायचा आणि तो पुन्हा पुढचा पंख लहान करून बघायचा. आम्ही भांडायचो. लहानपणी भांडलो नव्हतो इतकं त्या शेडमध्ये भांडलो. भाई होडीला रंग देता देता म्हणायचे, "इंजिनेर, बहिणीला चहा तरी पाज, मग भांड."

पंख फोमचे. फोम कापून त्याला आकार द्यायचा आणि वरून काचेचं कापड राळेत भिजवून चिकटवायचं. ते काम भाईंच्या हातचं होतं. दादा त्यांना शिकवायला गेला आणि पहिल्याच दिवशी गप्प बसला. भाईंचा हात कापडावरून फिरला की आत बुडबुडा राहत नसे. फक्त एकदा घोटाळा झाला. एका नमुन्याच्या तुकड्याचा कोपरा सुटला होता, तो भाईंनी आपल्या होडीच्या राळेने जोडायला घेतला. होडीची राळ त्या फोमला चालत नाही. आमच्या डोळ्यांदेखत फोम साखरेसारखा विरघळत गेला आणि टेबलावर नुसतं काचेचं कापड उरलं. भाई कपाळाला हात लावून बसले. दादा मात्र इतका हसला की त्याला ठसका लागला. "बरं झालं, हे खाली समजलं," म्हणाला. "वर समजलं असतं तर?"

फोम कापायची तऱ्हा मला फार आवडायची. धनुष्यासारख्या चौकटीला ताणून बांधलेली तार विजेने तापवायची. दोन टोकांना दोघांनी उभं राहायचं आणि फोमच्या दोन्ही बाजूंना लावलेल्या फळ्यांवरून ती तार सारख्या वेगाने ओढत न्यायची. फळीवर आकडे लिहिलेले असतात. एकाने आकडा पुकारायचा, दुसऱ्याने त्याच क्षणी त्याच आकड्यावर पोचायचं. एक जण जरा पुढे गेला की पंखाला पीळ बसतो. दादा पुकारायचा, "चार... पाच... सहा..." आणि मी दुसऱ्या टोकाला जायचे तशी तार लोण्यातून गेल्यासारखी फोममधून जायची. एक पट्टी कापायला सहा-सात मिनिटं लागत. तेवढा वेळ दुसरं काही बोलायचं नाही, दुसरीकडे बघायचं नाही. भाऊबहिणीने एकमेकांकडे इतकं लक्ष देऊन केलेलं आमच्या आयुष्यातलं ते पहिलंच काम असावं.

दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर एकदा पुढच्या पंखाची पट्टी कापताना तो अकरावर थांबला. मी बारावर गेले होते. तार तिरकी झाली, फोमवर खड्डा पडला. "हात भरून आला," तो म्हणाला. मी म्हटलं, "बस जरा." तो बसला, पाणी प्यायला, आणि आम्ही नवा फोम घेतला. तो बारीक झालाय हे मला दिसत होतं. विचारलं तर म्हणाला, साखर निघाली, भात सोडलाय. साखर आमच्या घरात सगळ्यांनाच. मी त्याच्यासाठी नाचणीच्या भाकऱ्या करायला लागले. आणखी एक वर्ष तसंच गेलं. तो अधूनमधून मुंबईला जाऊन यायचा. विमान उडवायच्या परवानगीची फाईल घेऊन जातो, असं सांगायचा. फाईल काखेत असायचीच.

तिसऱ्या वर्षी थंडीत विमान चाकांवर उभं राहिलं. रंग नव्हता, वरची काच नव्हती, पण मोटार, जनरेटर, बॅटरीच्या पेट्या सगळं जागच्या जागी होतं. आता वजन करायचं होतं. भाईंनी भाताच्या गिरणीतून एक आणि मासळीच्या वखारीतून दोन काटे आणले. तीन चाकांखाली तीन काटे ठेवले. आधी रिकामं विमान तोललं, मी वहीत लिहिलं. मग दादा खुर्चीत बसला. सकाळचे दहा वाजले होते, शेडचे पत्रे तापायला लागले होते, आणि त्याने सदऱ्यावर जाडं जाकीट घातलं होतं. मला ते तेव्हा खटकलंच नाही.

मी पुन्हा तिन्ही काटे वाचले. बेरीज केली, रिकाम्या विमानाचं वजन वजा केलं. तक्त्यात पायलट एकाहत्तर किलो होता. उत्तर आलं साठ.

मी पुन्हा वाचले. पुन्हा साठ. म्हटलं, गिरणीचा काटा बिघडलाय. दादासकट विमान काट्यांवरून मागे ढकललं आणि भाईंना गिरणीच्या काट्यावर उभं केलं. ते म्हणाले, "मी त्र्याऐंशी हाय, परवाच बोर्लीला बघितलंय." काट्याने त्र्याऐंशी दाखवले. वखारीच्या काट्यांवरही त्र्याऐंशीच.

"दादा, तू उतर. नुसता काट्यावर उभा राहा बघू," मी म्हटलं.

तो उतरला नाही. खुर्चीत बसून समोर खाडीकडे बघत होता. "काटा बरोबर आहे, बाय," तो म्हणाला.

तेव्हा मी त्याच्याकडे नीट बघितलं. जाकिटाच्या कॉलरमध्ये त्याची मान दोन बोटं सुटी होती. गळ्याजवळची हाडं दिसत होती. पंधरा-पंधरा दिवस मी त्याच्या समोर बसून जेवत होते, आणि हे मला वजाबाकीतून कळलं.

मला रडू यायला हवं होतं. मी चिडले. "तू मला खोटा आकडा दिलास. त्या एकाहत्तरवर मी बॅटरीच्या पेट्या बसवल्यात. नाकात अकरा किलो कमी म्हणजे काय होतं, तूच शिकवलंस ना मला? शेपटावर बसून खाली आला असतास!"

"दिला तेव्हा एकाहत्तरच होतं."

"मग बदलला का नाहीस?"

"बदलला असता तर तू विचारलं असतंस."

भाई काटा उचलून बाहेर गेले. शेडमध्ये आम्ही दोघंच राहिलो. मी विचारलं, "केव्हापासून?" तो म्हणाला, मागच्या वर्षीच्या गणपतीपासून. मुंबईच्या डॉक्टरांनी स्वादुपिंडाचा कॅन्सर सांगितला होता. काढून टाकता येण्यासारखा नव्हता. मुंबईच्या फेऱ्या औषधांसाठी होत्या. परवानगीची फाईल त्याने वर्षभर नुसतीच फिरवून आणली होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू मला दवाखान्यात बसवलं असतंस. आणि हे राहिलं असतं." त्याने विमानाच्या कडेवर हात ठेवला. त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी तेच केलं असतं.

त्यानंतर मुंबईला मी त्याच्याबरोबर जायला लागले. त्याला रस्त्याने यायला नको असे. येताना आम्ही गेटवेवरून मांडव्याला बोटीने यायचो आणि तिथून अलिबाग, मुरूड करत, पुढे खाडी ओलांडून दिघीला. लांबचा आणि दगदगीचा रस्ता, पण बोटीवर त्याचा चेहरा बदलायचा. थंडीचे दिवस होते. बोटीमागे सीगल लागायचे, लोक त्यांना गाठ्या टाकायचे. एकदा एक पक्षी आमच्या अगदी बरोबरीने, पंख न हलवता वाऱ्यात थांबला होता.

"ह्याला पुढे छोटा पंख कुठाय?" मी त्याला हसवायला म्हटलं.

"त्याला डोकं आहे. आपल्या विमानाला नाही, म्हणून पंख लावावा लागतो." मग थोड्या वेळाने म्हणाला, "बाय, मी ते उडवणार नाही, हे तुला माहीत आहे ना?"

"गप्प बस."

"ऐक तर. उडवणार नाही. पण ते उडण्यासारखं झालंय की नाही, ते मला बघायचंय. आकड्यावर. पावसाच्या आधी तेवढं आपण करू."

तेवढं करायचं आम्ही ठरवलं. पायलट मात्र तोच राहणार, कागदावर तरी, असा त्याचा हट्ट होता. त्याचं वजन उतरेल तसं नाकात वजन वाढवायला हवं होतं. भाईंनी मासेमारीच्या जाळ्याला लावतात ती शिशाची वजनं आणली. दर रविवारी दादा काट्यावर उभा राहायचा, मी तक्ता बदलायचे आणि भाई नाकातल्या डब्यात शिसं घालायचे. सत्तावन्न. पंचावन्न. एका रविवारी भाई डबा उघडा ठेवून शेडच्या मागे गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी गेले, तर ते तोंडावर पाणी मारत होते. "ताई, हे काम माझ्याच्याने न्हाय होत," म्हणाले. त्यानंतर शिसं मीच घालायला लागले.

मेअखेर दादाला उठवेना. त्याची खाट आम्ही खिडकीजवळ घेतली. तिथून शेडचं दार दिसायचं, आत विमान होतं ते दिसत नसे. चाचणी साधी होती. होड्या बांधायचा काँक्रीटचा खांब शेडसमोर होता, त्याला विमान मागून दोराने बांधायचं. दोराच्या मध्ये वखारीतला लटकता काटा अडकवायचा. मोटार पूर्ण ताकदीने फिरवायची आणि विमान दोर किती जोराने ओढतं ते काट्यावर वाचायचं. दादाच्या हिशेबाने एकशे चाळीस किलो हवे होते. तेवढे आले तर विमान दादाला घेऊन वर चढेल. फार कमी आले तर जमिनीवर धावत राहील.

त्या दिवशी सकाळी वारा पडलेला होता. मी विमानात बसून बटणं दाबली. भाई काट्याजवळ उभे होते. मोटार फिरायला लागली आणि मला पहिल्यांदा कळलं की दादाला काय हवं होतं. खरंच आवाज नव्हता. झाडातून वारा जावा तेवढाच. मग जनरेटर सुरू केला, तो मागे घुरघुरू लागला. मी ताकद वाढवत गेले. समोरच्या पडद्यावर मोटारीचं तापमान भराभर चढलं, आणि मी शेवटच्या खुणेपर्यंत नेऊनही पंख्याचा आवाज वर चढला नाही, उलट जरा खाली आला. भाईंनी हाताने खूण केली. मी सगळं बंद करून उतरले, काटा बघितला. तांबडी सुई जिथपर्यंत गेली होती तिथेच अडकून राहायची, अशी सोय होती. एकशे बारा.

"परत एकदा बघायचं?" भाईंनी विचारलं.

मी खिडकीकडे बघितलं. दादाने हात वर केला होता. मी तशीच घराकडे चालत गेले.

त्याची वही त्याच्या उशाशी होती. त्याने विचारलं, "किती?"

पायऱ्या चढेपर्यंत मी काही ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "एकशे एक्केचाळीस."

त्याने डोळे मिटले. मग उघडले आणि माझ्या मागून येणाऱ्या भाईंकडे बघितलं. "किती रे?"

भाई पाच वेळ नमाज पढणारे, खोटं न बोलणारे. ते दारातच थांबले. "चष्मा शेडमध्ये राहिला माझा," म्हणाले. "ताईने वाचलंय."

"आवाज जरा खाली वाटला मला," दादा म्हणाला.

"वारा उलटा होता," मी म्हटलं. वारा नव्हताच.

"असेल." त्याने पेन मागितलं. मी वही धरली आणि त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं, एकशे एक्केचाळीस. अक्षर ओळीवरून खाली घसरलं होतं. पेन परत देताना तो म्हणाला, "जमलं की गं."

त्यानंतर अकरा दिवसांनी तो गेला. शेवटचे दोन दिवस सोडले तर शुद्धीवर होता, बोलत होता. रेडिओ लावायला सांगायचा. भाई रोज संध्याकाळी येऊन बसायचे. कुवेतच्या आणि त्याच्या हँगरच्या गोष्टी निघायच्या. विमानाबद्दल मात्र तो काही बोलला नाही. काम संपलं, म्हणून बोलत नसेल, असं मी धरून चालले.

दहनाला गावातले सगळे आले. क्रियाकर्म आटोपल्यावर मी पनवेलला आले आणि पावसाळाभर कुठे गेले नाही. दिवाळीनंतर भाईंचा फोन आला. त्यांना मोठ्या होडीची ऑर्डर मिळाली होती, जागा लागणार होती. पण ते तसं म्हणाले नाहीत. म्हणाले, "ताई, पाखराला घर बघायला पायजे." घाटावरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातले प्राध्यापक विमान न्यायला तयार झाले. विद्यार्थ्यांना त्यावर काम करता येईल, पुढेमागे परवानगी काढून उडवताही येईल, असं ते म्हणाले.

ट्रेलर यायच्या आदल्या दिवशी मी गावी जाऊन सगळ्या वह्या एकत्र केल्या. त्या विमानाबरोबरच जायच्या होत्या. शेवटच्या वहीचं ते पान उघडून मी दुपारभर बसून होते. त्या आकड्यावर विश्वास ठेवून उद्या कोणी आत बसेल, हे मला दिसत होतं. आणि ते त्याच्या हातचं शेवटचं अक्षर होतं. चारच्या सुमाराला मी पेन घेतलं, त्या आकड्यावर एक रेघ मारली, खाली एकशे बारा लिहिलं आणि सही केली. प्राध्यापकांनी वह्या चाळताना ते पान बघितलं. मी म्हटलं, "खालचा खरा आहे." त्यांनी मान हलवली.

पंख वेगळे करून ट्रेलरवर बांधले तेव्हा ते विमान वाटेना. म्हसळ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत मी नि भाई मागे चालत गेलो.

मार्चमध्ये प्राध्यापकांचा फोन आला. आवाजात उत्साह होता. "मॅडम, तुमच्या चाचणीत ताकद का कमी आली ते सापडलं. मोटार तापलीच नव्हती. तापमानाचा सेन्सर जनरेटरच्या गरम पाइपला लागून बसवलाय. मोटार तापली असं समजून यंत्रणा आपणहून वीज कमी करत होती. आम्ही सेन्सर हलवला. एकशे अडतीस आले, जवळपास तुमच्या हिशेबाइतकेच!"

मी त्यांचं अभिनंदन केलं. फोन ठेवला आणि खुर्चीत बसले.

तो सेन्सर मी बसवला होता. हवा दादाची, वीज माझी. त्याचा पंख, त्याचं वजन, त्याचा पंखा, सगळं बरोबर होतं. कमी पडली ती वीज. वर्कशॉपमध्ये मी नव्या पोरांना सांगायचे, मीटरवर विश्वास ठेवू नका, बंद करून आधी अंगाला हात लावून बघा, गरम आहे का. त्या दिवशी मी उतरले तेव्हा मोटार माझ्यापासून चार हातांवर होती. मी हात लावला नाही, खिडकीकडे गेले. एकशे बारा हा आकडा मी त्याला सांगितला असता, तर त्याने आधी विचारलं असतं, हात लावून बघितलंस का? पंख्याचा आवाज खाली आलेला त्याने खाटेवरून ऐकला होता. त्याच्याकडे अजून नऊ दिवस होते आणि डोकं शाबूत होतं. त्याला काम हवं होतं. मी त्याला, काम झालं म्हणून सांगितलं आणि रेडिओ ऐकत ठेवलं.

पुढच्या आठवड्यात मी गावी गेले. भाईंच्या शेडमध्ये आमच्या जागेवर मोठ्या होडीचा साचा उभा होता. मी त्यांना सगळं सांगितलं. सेन्सरचं, पाइपचं, एकशे अडतीसचं. ते हातातला ब्रश डब्यात ठेवून ऐकत होते.

"मला माहीत असतं तर मी बोललो असतो," ते म्हणाले. "चष्मा माझ्या खिशातच होता."

"तुमची काय चूक?"

मग घरात हाक देऊन त्यांनी चहा मागवला. चहा येईपर्यंत आम्ही साच्याच्या कडेवर बसून राहिलो. खाडीला ओहोटी लागली होती आणि चिखलात बगळे उतरले होते. चहा झाल्यावर त्यांनी पुन्हा ब्रश घेतला. मी दादाच्या घराचं कुलूप उघडून खिडक्या उघडल्या, केर काढला, आणि बोर्लीहून सुटणारी चारची एसटी पकडायला निघाले.